विचारून सांगते

हिरव्या दिव्यावर माझा विश्वास नाही. जिचा पगार हिरव्या दिव्यावर चालायचा तिनं असं बोलू नये, हे मला कळतं. पण मी मुळातच संशयी. भाजीवाल्यानं न मागता कोथिंबीर दिली, तर मी आधी जुडी उलटून बघते.

सांगलीच्या संमती केंद्रात मी साक्षी अधिकारी होते. लग्न, जमिनीचा व्यवहार, अवयवदान, असा कुठलाही मोठा होकार द्यायचा तर माणसानं आधी आमच्याकडे यायचं, गळ्याला पट्टी लावून घ्यायची आणि आम्ही विचारू त्याचं उत्तर द्यायचं. दिवा हिरवा लागला तर होकार त्याचा स्वतःचा. लाल लागला तर कुणीतरी वदवून घेतलेला. सरकारी नाव 'कंठपट्टी'. गावात सगळे नुसतं 'पट्टा' म्हणत, कुत्र्याच्या गळ्यात असतो तसं.

त्यामागचं विज्ञान तसं सोपं आहे. कुठलाही शब्द तोंडातून बाहेर पडण्याआधी गळ्यात तयार होतो. मेंदू स्वरयंत्राच्या बारीक स्नायूंना हुकूम पाठवतो. समजा, आपण 'नाही' म्हणणार असतो, तेवढ्यात समोर सासरे दिसतात आणि आपण 'हो' म्हणून मोकळे होतो. पण आधीचा हुकूम तोवर स्नायूंपर्यंत पोचलेला असतो. तो 'नाही' गळ्यात क्षणभर थरथरतो आणि विरतो. बाहेर काही ऐकू येत नाही, पण त्वचेवर त्याचा विद्युतप्रवाह टिपता येतो. आम्ही त्याला 'गिळलेला शब्द' म्हणायचो. चेहरा खोटं बोलू शकतो, नाडीसुद्धा सवयीनं शांत राहते, पण गिळलेला शब्द लपवता येत नाही.

सुरुवातीला या यंत्रानं मोठं काम केलं. माझ्यापुढे पहिला लाल दिवा लागला तो एका नवऱ्या मुलीसाठी. ती छान हसत 'हो' म्हणाली होती. दिवा लाल झाल्यावर तिचे मामा दिव्यावरच ओरडायला लागले. लग्न मोडलं. त्या दिवशी मी घरी जाताना श्रीखंड घेऊन गेले.

पुढे लाल दिवे कमी होत गेले आणि जवळजवळ बंदच झाले. समाज मोकळा झाला, असं अहवालात छापून आलं. मला ते पटेना. मामा तेच, सासरे तेच, साहेब तेच. मग अरेरावी गेली कुठे? कुठेतरी पाणी मुरत होतं, पण ओल सापडत नव्हती.

त्यातच 'कारभारी' आला.

कारभारी हा माणूस नव्हे. तो एक सल्लागार, कानात बसणारा. माणसाची तब्येत, पैसा, स्वभाव, नातीगोती सगळं समजून घेऊन तो पुढचं पाऊल सांगतो, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगतो. बायकांसाठी त्याच्या कंपनीनं तो मोत्याच्या कुडीत बसवून दिला होता. इथवर मला तक्रार नव्हती. पण मग कंपनीनं 'कायम सोपवणूक' काढली. एकदा ती केली की नोकरी, उपचार, राहायचं गाव, मतदान, सगळे निर्णय कारभाऱ्याचे. आणि परत फिरायचं नाही. माणूस मध्येच फिरला तर पुढची सगळी आखणी कोलमडते, असं कंपनीचं म्हणणं.

यावर बराच काथ्याकूट झाला. स्वतंत्र माणसाला आपलं स्वातंत्र्य देऊन टाकायचं स्वातंत्र्य असतं की नसतं? एक बाजू म्हणाली, नसेल तर तो स्वतंत्र कसला? दुसरी म्हणाली, देऊन टाकलं तर उरला कोण? शेवटी सरकारनं सोपी वाट काढली. पट्टा लावा. हिरवा दिवा लागला तर देऊ द्या.

एका सोमवारी येत्या शुक्रवारच्या तपासण्यांची यादी बघताना मला एक नाव दिसलं. शाल्मली देवदत्त कोगेकर. माझी धाकटी बहीण. नातेवाइकाची तपासणी करू नये असा नियम पूर्वी होता, पण दिवा कुणाचा नातेवाईक नसतो म्हणून तो काढून टाकला होता. पुढे लिहिलं होतं, कायम सोपवणूक.

संध्याकाळी मी थेट तिच्या घरी गेले. दार देवदत्तनं उघडलं. जावयांवर संशय घेणं ही आमच्या घरची जुनी रीत आहे आणि मी ती मनापासून पाळते. तो हसून "या ताई" म्हणाला, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकलीच.

"हे शुक्रवारचं काय ऐकतेय मी?" मी शाल्मलीला विचारलं.

"तुला कळलंच असणार," ती म्हणाली. "मी सांगणारच होते."

आमची शाल्मली बुद्धिबळ शिकवायची. स्वतः खेळायची तेव्हा चाल सुचली की तिचा हात थांबायचा नाही. सोंगटी ठेवायची आणि घड्याळावर असा तळवा मारायची की शेजारच्या पटावरची मुलं दचकायची. लहानपणी तिच्या तोंडात सदा एकच शब्द, 'नको'. पोळी नको, वेणी नको, हा फ्रॉक नको. आई कंटाळून जायची. ते घड्याळ आता फडताळात धूळ खात होतं. वर्षभरापूर्वी कारभाऱ्यानं तिला शिकवणी बंद करायला सांगितली होती. पाठीला ताण येतो म्हणे.

"बाबांमुळे ना?" मी विचारलं.

बाबांचं ऑपरेशन करावं की नाही, डॉक्टर दोन्ही बाजूंनी बोलत होते. 'करूया' असं शाल्मली म्हणाली. बाबा ऑपरेशनच्या टेबलावरून परत आले नाहीत. कुणी तिला बोल लावला नाही, पण तिनं लावून घेतला. त्यानंतर तिच्या कानात कुडी आली.

"ताई, कुडी घातल्यापासून माझ्या हातून एकही चूक झालेली नाही," ती शांतपणे म्हणाली. "मला झोप लागते. कुणी जबरदस्ती केलेली नाही. मला हे हवंय. तू मला कुठल्या तोंडानं अडवणार?"

बोलणं अडलं की मी खाण्याचा विषय काढते. "रविवारी ये माझ्याकडे. थालीपीठं लावते. येशील?"

तिचं बोट कुडीकडे गेलं.

"विचारून सांगते."

"कुणाला? देवदत्तला?"

"मला कोण विचारतंय, ताई!" स्वयंपाकघरातून देवदत्त ओरडला. त्याच्या आवाजात गंमत होती आणि थोडं दुखणंही.

निघताना मी त्याला जिन्यात गाठलं. "तू तिला अडवत का नाहीस?"

"तिचा निर्णय आहे, ताई. मी तिला आजवर कधी नाही म्हटलंय?"

वाक्य मोठ्या मनाचं होतं आणि ओळखीचंही वाटलं. कुठे ऐकलंय ते मात्र आठवेना.

आमच्या यंत्रांची देखभाल आरिफ मुजावर हा मिरजेचा इंजिनिअर करायचा. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी त्याला धरलं.

"आरिफ, मला जुन्या हिरव्या तपासण्यांत पट्टीनं टिपलेल्या मूळ लहरी दाखव. गाळलेल्या नकोत."

"मॅडम, काय शोधताय?"

"ओल शोधतेय."

त्यानं डबा बाजूला सारला आणि पडद्यावर एक लहर आणली. एका बाईचा जमीन विकायचा होकार. 'हो'चा उंच डोंगर मला ओळखता आला. त्याच्या आधी 'नाही' नव्हता. पण एक बारीकशी सुरकुती होती.

"हे काय?"

"ते होय? शिष्टाचार." आरिफ हसला. "पट्टा बनवणाऱ्या कंपनीनं नावच दिलंय, शिष्टाचार ध्वनी. जवळजवळ सगळ्यांच्यातच येतो, म्हणून गोंगाटात धरला. दिवा लागायच्या आधी गाळणीत निघून जातो. घसा खाकरल्यासारखं समजा."

"घसा खाकरणं की शब्द?"

त्यानं खांदे उडवले, तरी ती सुरकुती शब्द ओळखणाऱ्या यंत्राला दिली. पडद्यावर अक्षरं उमटली. 'नाही' नव्हे, 'नको' नव्हे.

'करू का'.

आम्ही दुसरी लहर बघितली, तिसरी बघितली, मग मोजणं सोडून दिलं. हसऱ्या बायका, रुबाबदार पुरुष, बदलीला होकार देणारे कारकून, शिकायला निघालेल्या मुली. सगळे हिरवे, आणि प्रत्येक 'हो'च्या आधी गळ्यात गिळलेलं 'करू का'.

"माझ्या लग्नाच्या वेळच्या तपासणीत पण असणार हे," आरिफ जरा ओशाळून म्हणाला.

"तू कुणाला विचारत होतास?"

"अम्मीला. आणखी कुणाला?"

तेव्हा मला सगळं उलगडलं. दरडावणाऱ्या माणसापुढे 'नाही' गिळावा लागतो. तो आमच्या पट्ट्यात सापडायचा. घराघरांतल्या शहाण्या लोकांनी हे ओळखलं आणि दरडावणं सोडलं. ते प्रेमानं वागू लागले, विचारलं की 'कर की' म्हणू लागले. अशा माणसापुढे 'नाही' गळ्यात तयारच होत नाही. तिथे फक्त परवानगी मागणं उरतं. परवानगी मिळतेही, म्हणून सगळे खूश. पण ती उद्या मिळाली नाही तर? मिळणं न मिळणं त्याच्या मर्जीवर. ज्याचं सगळं दुसऱ्याच्या चांगुलपणावर चालतं त्याला मोकळा कसं म्हणायचं? आणि आम्ही त्या सगळ्यांना मोकळं म्हणून दिवे लावत बसलो होतो.

"पट्टी दे," मी म्हणाले.

"मॅडम, तुम्ही?"

"मीच. विचार काहीतरी."

आरिफनं माझ्या गळ्याला पट्टी लावली आणि अधिकाऱ्याच्या थाटात विचारलं, "शुक्रवारी बहिणीची तपासणी तुम्ही स्वतः करणार?"

"हो," मी ठणकावून सांगितलं.

दिवा हिरवा. मूळ लहरीत, माझ्या त्या ठणकावलेल्या 'हो'च्या आधी, तीच सुरकुती.

कुणाला विचारत होते ते मला लगेच कळलं. चष्मा कपाळावर चढवून वर बघणारा चिन्मय, माझा नवरा. 'चिन्मय, पुण्याला जाऊन येऊ का?' 'जा की.' 'हा ड्रेस घेऊ का?' 'घे की, मी कधी नाही म्हटलंय?' देवदत्तचं वाक्य आधी कुठे ऐकलं होतं ते आता आठवलं. चिन्मयनं लग्नापासून एकदाही मला नाही म्हटलेलं नाही. आणि लग्नापासून एकदाही मी त्याला न विचारता काही केलेलं नाही. मला स्वतःचाच भयंकर राग आला.

शुक्रवारी शाल्मली आली. निळी साडी, कानात कुडी. देवदत्त बाहेर बाकावर बसला. कुडी काढायला सांगायचा मला अधिकार नव्हता. कंपनीनं ती श्रवणयंत्र म्हणून नोंदवून घेतली होती. मी तिच्या गळ्याला पट्टी लावली आणि माझ्या पडद्यावर मूळ लहर सुरू ठेवली.

"कायम सोपवणूक म्हणजे काय, ते तुम्हाला समजलं आहे?" तपासणीत सख्ख्या बहिणीलाही 'तुम्ही' म्हणावं लागतं.

"हो." हिरवा.

"तुमच्यावर कुणाचा दबाव आहे?"

"नाही." हिरवा.

"तुमचे यापुढचे सगळे निर्णय तुम्ही स्वखुशीनं सोपवत आहात?"

ती थांबली. लहरीवर बारीक सुरकुती उठली आणि खाली अक्षरं उमटली, 'करू का'. तिचे डोळे किंचित बाजूला वळले, कुणीतरी कानात बोलत असल्यासारखे. मग ती गोड हसली.

"हो."

हिरवा. पडद्यावर 'मंजूर' असं बटण आलं. हिरवा दिवा असताना ते न दाबणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं. यंत्रात बिघाड नसताना अधिकाऱ्यानं आपली अक्कल चालवायची नाही, असा स्पष्ट नियम होता. माझा हात पर्समध्ये गेला आणि फोन बाहेर आला. चिन्मयचा नंबर पडद्यावर होता. मला फक्त विचारायचं होतं.

मी फोन पर्समध्ये परत टाकला.

"मी मंजूर करत नाही," मी म्हणाले.

"ताई? दिवा हिरवा आहे."

मी पडदा तिच्याकडे वळवला. "हे बघ. 'हो' म्हणायच्या आधी तू काय म्हणालीस ते वाच."

तिनं वाचलं. तिचा चेहरा जरा उतरला. पण हार मानायची तिला लहानपणापासून सवय नाही.

"मग काय झालं? मी विचारलं. तो हो म्हणाला."

"आज म्हणाला. सोपवणूक झाल्यावर एखाद्या दिवशी नाही म्हणाला तर? ताईकडे जायचं नाही म्हणाला तर काय करशील?"

तिचं बोट कुडीकडे गेलं. "थांब, विचारून सां..."

वाक्य अर्ध्यातच राहिलं. तिला स्वतःलाच ते ऐकू आलं असावं. तिथेच मी गप्प बसायला हवं होतं. पण माझा तोल गेला. मला रडूही येत होतं आणि तिच्या कानाखाली द्यावीशीही वाटत होती.

"ते काही नाही," मी ओरडले. "मी मोठी आहे. मी सांगते, हे करायचं नाही. काढ ती कुडी!"

"नको!" ती खुर्चीतून उठली. "नको शिकवूस मला! तू कोण परवानगी देणारी? माझं काय करायचं ते माझं मी ठरवीन!"

आणि तिचा तळवा टेबलावर आपटला, खाडकन.

दिवा लाल झाला.

यंत्राला बिचाऱ्याला काय कळणार? ती कुणाला नको म्हणाली, माझ्या परवानगीला की सोपवणुकीला, त्याला कशाशी देणंघेणं नव्हतं. मंजुरीचं बटण दाबलेलं नव्हतं, तपासणी चालूच होती; गळ्यातून ठणठणीत 'नको' आला आणि त्यानं नकार नोंदवला. पुढचं वर्षभर तिला पुन्हा अर्ज करता येणार नव्हता. मी मात्र दिव्याकडे नव्हे, लहरीकडे बघत होते. 'नको'चा उभा कडा होता आणि त्याच्या आधी काही नव्हतं. सपाट, स्वच्छ रेघ.

शाल्मलीही तेच बघत होती. तिच्या कानात कारभारी काहीतरी सांगत असावा, कारण तिनं कपाळाला आठी घालून मान झटकली. "गप्प बस जरा," ती हळूच म्हणाली. मला म्हणाली की त्याला, कळलं नाही. मग तिनं आपल्या हातानं पट्टी सोडली.

"जाते मी."

आमच्याकडे निघताना 'येते' म्हणतात. ती 'जाते' म्हणाली. देवदत्त धावत तिच्यामागे गेला. मी त्या रिकाम्या खुर्चीसमोर बसून राहिले. तिला मोकळं करायला मी तिच्यावर त्या पहिल्या नवरीच्या मामासारखी दादागिरी केली होती, हे मला दिसत होतं. मी तिच्या भल्यासाठी ओरडले म्हणावं, तर ओरडणारे सगळेच तसं म्हणतात. यंत्रानं माझा गळा तपासला असता तर काय निघालं असतं, कोण जाणे.

घरी पोचण्याआधीच वरिष्ठांचा फोन आला. हिरवा दिवा असताना तपासणी अडवली, नागरिकावर आवाज चढवला. सोमवारपासून येऊ नका. मी गाळणीबद्दल सांगायला लागले, तर साहेब म्हणाले, "मॅडम, शिष्टाचारालाही आता तुम्ही गुन्हा ठरवणार का?" ही सगळी हकीकत मी इथे लिहिते आहे ती त्यांच्या या प्रश्नापायी. आरिफनं मूळ लहरींची एक प्रत मला दिली आहे. ती मागायला मी त्याच्याकडे गेले, तेव्हा त्यानं फक्त इतकंच विचारलं, "अम्मीचं नाव येणार नाही ना?"

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात कणीक मळायला घेतली, तेवढ्यात फोनवर शाल्मलीचा निरोप आला. 'रविवारी येतेय. थालीपीठ नको. दुसरं काहीतरी कर.' हे तिनं स्वतः लिहिलं की कुडीनं सुचवलं, अशी शंका मला आलीच. ती येईपर्यंत फिटणार नव्हती. तरी मी तो 'नको' पुन्हा पुन्हा वाचला.

चिन्मय घरी आला. मी त्याला सगळं सांगितलं, नोकरीसकट. तो चष्मा कपाळावर चढवून ऐकत राहिला. तो चांगला माणूस आहे, हे मला आजही मान्य आहे. त्यानं माझ्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला आणि जरा दुखावल्या आवाजात म्हणाला, "अगं, एवढं मोठं पाऊल उचललंस. मला एकदा विचारायचंस तरी. मी काय नाही म्हणालो असतो?"

"नसतास म्हणाला," मी म्हणाले. "म्हणूनच नाही विचारलं."